शेततळ्यात पाणी येतं कुठून?

परवा पुतण्याचा फोन आला. आर्किटेक्चर झालंय, आता मास्टर्सला सस्टेनेबल डिझाइन घ्यायचंय, त्यात सिस्टिम्स थिंकिंगचे पेपर आहेत. घरात वाद पेटलाय. दादाचा एकच प्रश्न, "याने पोट भरणार आहे का?" पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा बाबांना."

दादा शेतकरी माणूस, म्हणून त्याला शेततळ्याचंच उदाहरण दिलं.

शेततळं कशासाठी? पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत त्यासाठी अनुदान मिळालं. हेतू चांगलाच होता. पण कितीतरी ठिकाणी झालं काय? तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीखालचं सगळ्या शिवाराचं पाणी एकाच्या तळ्यात आलं, वर उन्हाने उडायला मोकळं. शेजाऱ्याची विहीर आटली. मग त्याने बोअर आणखी खोल नेलं, तळंही खोदलं. आता त्याच्या शेजाऱ्याची पाळी!

यात चोर कोणीच नाही. प्रत्येकाने आपली बाग वाचवली आणि सगळ्यांनी मिळून पाणी संपवलं. इंजिनिअरने तळ्याचं माप बरोबर काढलं होतं, पाणी येणार कुठून हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सिस्टिम्स थिंकिंग म्हणजे हा प्रश्न आधी विचारणं. बस.

१९७२ च्या 'लिमिट्स टू ग्रोथ' अहवालाच्या एक लेखिका डोनेला मेडोज यांनी पुढे हेच मांडलं. अनुदान, कर यांचे आकडे वरखाली करणं हा सगळ्यात कमजोर उपाय. नियम आणि उद्दिष्ट बदललं तर व्यवस्था बदलते. आपल्या हिवरे बाजारने तेच केलं. शेतीसाठी बोअर नाही, उसासारखी तहानलेली पिकं नाहीत, आणि पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. आधी नियम ठरले, म्हणून बंधारे टिकले.

आता दुसरी बाजू. हे शिकवणारी सगळीच कॉलेजं धड नाहीत. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, बाण काढायचे, पोस्टरला मार्क, झाला कोर्स! पुतण्याला म्हटलं, कॉलेज निवडताना एकच चौकशी कर, गावात किती आठवडे राहावं लागतं? आयआयटी मुंबईच्या 'सितारा'मध्ये एम.टेक.च्या मुलांना गावात राहून काम करावं लागतं. तसं असेल तर जा. नसेल तर फी वाचव.

आणि पगार? दादाला खोटं सांगितलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांइतका मिळणार नाही. 'सिस्टिम्स थिंकर पाहिजे' अशी सरकारी जाहिरातही निघत नाही. माझी तक्रार इथेच आहे. हा विषय हौशी पोरांनी मास्टर्सला घ्यायचा कशाला? सिव्हिल, कृषी, आर्किटेक्चरच्या प्रत्येक मुलाला पदवीलाच सक्तीचा करा. आणि योजना मंजूर करणाऱ्या टेबलावर असा एक तरी माणूस बसवा, जो विचारेल, "साहेब, पाणी येणार कुठून?"

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपली विहीर पण त्याच वर्षापासून आटतीये रे."

पुतण्याने फॉर्म भरलाय.