पुण्याच्या वाड्यात खोली घेताना



कापसाची पट्टी हाती पडली, की आपल्या बीडकडची बरीच मंडळी मुलामुलींना स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला धाडतात. मुले सदाशिव किंवा नारायण पेठेत खोली बघतात. अनामत भरायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः जाऊन या.

पेठांतले जुने वाडे लाकूड, विटा आणि मातीचे. बियाणे पारखता, तशी खोली पारखा. तुळईवर ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्या. भिंतीला ओल, भेगा आहेत का पाहा. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी आली होती का, हे शेजाऱ्यांना विचारा.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मी मात्र लेकाच्या वेळी भिडेला बळी पडलो. सगळे तोंडी ठरले. खोली सोडताना रंगाच्या नावाखाली निम्मी अनामत गेली. खताच्या दुकानातून पावतीशिवाय उठू नका, असे तुम्हाला वर्षानुवर्षे सांगणारा मी!

अनामत किती दिवसांत परत मिळणार, रंगाचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्या. पैसे बँकेतूनच द्या.