विश्लेषण : काळा टी-शर्ट, लांब केस आणि कर्कश गिटार… हेवी मेटलचे चाहते ‘संशयित’ का ठरत आले?

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ७६ वर्षांचा एक गायक काळ्या सिंहासनावर बसून गायला. पार्किन्सन्समुळे त्याला उभे राहणे शक्य नव्हते. ‘ब्लॅक सॅबथ’चे चारही मूळ वादक-गायक २००५ नंतर प्रथमच एकत्र आले होते. कार्यक्रमातून मिळणारा पैसा पार्किन्सन्सवरील संशोधन आणि मुलांच्या रुग्णालयासाठी होता. त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी ऑसबॉर्नचे निधन झाले. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, तेव्हा दुतर्फा हजारो माणसे उभी होती. त्यात साठी उलटलेले आजोबा होते, तसेच बापाच्या खांद्यावर बसलेली मुलेही होती.

जगभरच्या मृत्युलेखांत मात्र एक गोष्ट हमखास होती. १९८२ मध्ये त्याने रंगमंचावर वटवाघळाचे डोके चावले होते. हा प्रसंग खराच आहे. पण ५५ वर्षांच्या कारकिर्दीतून नेमके वटवाघूळच सर्वांना आठवते, यातच या संगीताकडे पाहण्याची एक जुनी सवय दिसते. मेटल ऐकणारा म्हणजे बिघडलेला, हिंसक, निदान ‘लक्ष ठेवण्याजोगा’. ही सवय घरातल्या टोमण्यांपुरती राहिली असती तर हसून सोडून देता आली असती. पण तिने काही जणांची आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे तुरुंगात घालवली.

ग्लॅम आणि मेटल : भांडणारी भावंडे?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. १९७१ मध्ये ‘टी. रेक्स’चा मार्क बोलान गालांवर चमकी लावून टीव्हीवर आला. पुढच्या वर्षी डेव्हिड बोवीने ‘झिगी स्टारडस्ट’ हे परग्रहावरचे पात्र उभे केले. रंगवलेले डोळे, उंच टाचांचे बूट आणि पुरुष की स्त्री हा प्रश्नच निकालात काढणारा थाट, हे ‘ग्लॅम रॉक’. त्याच सुमारास बर्मिंगहॅममधून काळ्या कपड्यांतला, जड आणि संथ आवाज आला. तो ‘हेवी मेटल’.

वरवर पाहता एक झगमगाट, दुसरा अंधार. प्रत्यक्षात दोघांची मुळे फार लांब नाहीत. ग्लॅम गाजवणाऱ्या ‘स्लेड’चा नॉडी होल्डर आणि ‘जुडास प्रीस्ट’चा रॉब हॅलफर्ड हे दोघेही वॉल्सॉलचे. बर्मिंगहॅमला खेटून असलेले हे कारखान्यांचे गाव. तिथल्या मुलांपुढे भोंगा वाजला की कामाला जाण्याचा एकच रस्ता होता. एकाने त्यावर चमकी लावली, दुसऱ्याने चामडे चढवले. हॅलफर्डने १९९८ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. ‘मर्दानी’ समजल्या जाणाऱ्या या संगीताचे चाहते त्याला झिडकारतील असे अनेकांना वाटले होते. २००३ मध्ये तो बँडमध्ये परतला, तेव्हा स्वागतच झाले. पुढे लॉस एंजेलिसच्या ‘मॉटली क्रू’, ‘पॉयझन’ अशा बँडनी चमकी आणि चामडे एकत्रच करून टाकले.

ग्लॅमच्या या गोष्टीत महाराष्ट्राचाही एक कोपरा आहे. सुरुवातीच्या काळात ग्लॅमच्या थाटात वावरलेल्या ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँड, ‘द हेक्टिक्स’, तिथलाच.

तो लोखंडी आवाज आला कुठून?

याचे उत्तर एका अपघातात आहे. ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात हाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यानंतर हा वादक दोनच बोटांनी गिटारवर सूर काढत असे. आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि त्यावर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे त्या सैलही केल्या.

इथे थोडे विज्ञान. तार सैल केली की स्वर खाली उतरतो. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये आयोमीने काही गाण्यांसाठी गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावली. स्वराची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे तीन अर्धस्वर उतरण्यासाठी तारेवरचा ताण साधारण ३० टक्क्यांनी कमी करावा लागतो. दुखऱ्या बोटांना तेवढा आराम आणि ऐकणाऱ्याला तेवढा जड आवाज. त्यात अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे चालवला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर निर्माण होतात. हेच ते ‘डिस्टॉर्शन’. अशा आवाजात पाच-सहा स्वरांचे भरगच्च कॉर्ड वाजवले तर नुसता चिखल होतो. म्हणून मेटलमध्ये ‘सा’ आणि ‘प’ एवढ्या दोनच स्वरांवर भर असतो. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. ‘नुसता गोंगाट’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गोष्टीमागे एवढा हिशेब आहे. मिरवणुकीत ढोल-ताशा पथकासमोर उभे राहून ज्याच्या छातीत ठोका बसला आहे, त्याला या संगीताची निम्मी गोष्ट सांगायची गरजच नाही.

गाण्यांवर खटला कसा भरला गेला?

अमेरिकेत १९८५ मध्ये राजकीय नेत्यांच्या पत्नींनी एक गट स्थापन केला. गाण्यांतील हिंसा आणि अश्लीलता मुलांना बिघडवते, असे त्यांचे म्हणणे. १९ सप्टेंबरला सेनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. त्या समितीत अल गोर होते आणि गटाच्या संस्थापकांत त्यांच्या पत्नी टिपर गोर होत्या. हा हितसंबंधांचा गुंताच होता.

साक्षीला ‘ट्विस्टेड सिस्टर’ या ग्लॅम मेटल बँडचा डी स्नायडर आला. विस्कटलेले सोनेरी केस, जीन्स, बिनबाह्यांचे जाकीट. समितीला विदूषक अपेक्षित असावा. त्याने खिशातून कागद काढून शांतपणे सांगितले की आपण विवाहित आहोत, एका मुलाचा बाप आहोत, दारू-सिगारेट-अमली पदार्थ घेत नाही. ज्या गाण्यात टिपर गोर यांना विकृती दिसली होती, ते बँडमधल्या सहकाऱ्याच्या घशाच्या शस्त्रक्रियेच्या भीतीवर लिहिले होते, हेही त्याने सांगितले. सुनावणीचे फलित काय? रेकॉर्डवर पालकांना इशारा देणारी चिठ्ठी. ज्या मुलांना रोखायचे होते, त्यांना कोणती रेकॉर्ड घ्यावी हे त्या चिठ्ठीने नेमके दाखवून दिले!

१९९० मध्ये नेवाडातील रीनो येथे ‘जुडास प्रीस्ट’वर खटलाच चालला. दोन तरुणांनी उचललेल्या टोकाच्या पावलाला गाण्यात दडवलेला छुपा संदेश जबाबदार आहे, असा कुटुंबीयांचा आरोप होता. त्यांच्या दुःखाबद्दल शंका नाही. पण ‘संदेश’ म्हणून जे दाखवले गेले, तो गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा आवाज एकमेकांवर पडल्याने झालेला भास होता. हॅलफर्डने स्वतःची गाणी न्यायालयात उलटी वाजवून त्यातून हास्यास्पद वाक्ये काढून दाखवली. शोधायचेच ठरवले तर कशातही काहीही सापडते, हा मुद्दा त्याहून सोप्या पद्धतीने मांडता आला नसता. निकाल बँडच्या बाजूने लागला.

अठरा वर्षे कशाची शिक्षा?

बँडकडे वकील होते, पैसा होता. चाहत्यांकडे तो नव्हता. मे १९९३ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, वेस्ट मेम्फिस येथे आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली. डेमियन एकल्स, जेसन बाल्डविन आणि जेसी मिसकेली या तीन तरुणांना अटक झाली. त्यांना गुन्ह्याशी जोडणारा ठोस भौतिक पुरावा नव्हता. होता तो मिसकेलीचा अनेक तासांच्या चौकशीनंतरचा, तपशिलांत चुका असलेला कबुलीजबाब. उरलेली जागा भरून काढली ती एकल्सच्या काळ्या कपड्यांनी, त्याच्या वाचनाने आणि ‘मेटालिका’च्या आवडीने. हा सैतानपूजेचा प्रकार असल्याचे चित्र ज्युरीपुढे उभे केले गेले. काळे टी-शर्ट हा न्यायालयातील चर्चेचा विषय झाला. १९९४ मध्ये एकल्सला मृत्युदंड आणि इतर दोघांना जन्मठेप झाली.

१९९६ मध्ये या खटल्यावरचा ‘पॅराडाइज लॉस्ट’ हा माहितीपट आला. त्यासाठी ‘मेटालिका’ने आपले संगीत वापरू दिले. पुढील डीएनए चाचण्यांत घटनास्थळावरील नमुने तिघांपैकी कोणाशीही जुळले नाहीत. अखेर १९ ऑगस्ट २०११ रोजी तिघे सुटले, तेही निर्दोष म्हणून नाही. ‘आम्ही निरपराध आहोत, पण सरकारपक्षाकडे दोषी ठरवण्याइतके पुरावे आहेत हे मान्य’ अशी विचित्र तडजोड त्यांना करावी लागली. पौगंडावस्थेत आत गेलेली ही मुले तिशी-पस्तिशीत बाहेर आली. ज्यांची मुले मारली गेली, त्या कुटुंबांनाही स्वच्छ उत्तर मिळाले नाही. चुकीच्या संशयाची ही बाजू सहसा विसरली जाते.

हे फक्त अमेरिकेत घडले असे नाही. मोरोक्कोमध्ये २००३ साली कासाब्लांका येथे मेटलच्या १४ वादकांना आणि चाहत्यांना धर्माला धक्का पोहोचवल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली. जप्त वस्तूंत पुन्हा काळे टी-शर्ट होतेच. लोक रस्त्यावर आले, निषेधाचे कार्यक्रम झाले आणि अपिलात बहुतेक जण सुटले.

मग संशयात काहीच तथ्य नाही?

आहे, आणि ते नाकारणारा चाहता स्वतःचीच फसवणूक करतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत ‘ब्लॅक मेटल’च्या काही वादकांनी चर्च जाळली, खूनही केले. ऐंशीच्या दशकातील ग्लॅम मेटलच्या गाण्यांत आणि चित्रफितींत स्त्री बहुतेक वेळा शोभेची वस्तू असे. गुरुग्राममध्ये ऑक्टोबर २०११ मध्ये ‘मेटालिका’चा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, तेव्हा चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली. पण नॉर्वेतील गुन्हे करणाऱ्यांना शिक्षा झाली ती गुन्ह्यांसाठी, पुराव्यांवर. संगीताच्या आवडीसाठी नव्हे. वेस्ट मेम्फिसमध्ये हाच फरक पुसला गेला.

संशोधन काय म्हणते? क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये ३९ चाहत्यांवर प्रयोग झाला. आधी त्यांना राग येईल असे प्रसंग आठवायला लावले, मग काहींना त्यांच्या आवडीचे मेटल ऐकू दिले. राग वाढला नाही, उलट ओसरला. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात ऐंशीच्या दशकातील मेटल चाहते मध्यमवयात समवयस्कांइतकेच, काही बाबतींत अधिक, समाधानी आढळले. दोन्ही अभ्यास लहान आहेत. त्यावरून मेटल हे औषध ठरत नाही, पण विष असल्याचा दावा मात्र नक्कीच लंगडा पडतो.

शिवाय कार्यक्रमात ज्या धक्काबुक्कीला पाहून नवख्याची छाती दडपते, त्या ‘मॉश पिट’चा पहिला नियम आहे : कोणी पडला तर आधी त्याला उचला. मुंबईच्या लोकलमध्ये हा नियम लागू झाला तर किती बरे होईल!

मुंबईत या चाहत्यांना स्वतःची जागा फार काळ मिळाली नाही. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव आणि धोबी तलावाजवळचे खुले रंगभवन ही एका पिढीची शाळा होती. रुग्णालय आणि महाविद्यालय शेजारी असल्याने शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि रंगभवनातील मैफली थांबल्या. नियम वाजवीच होता. पर्यायी जागा मात्र कोणी दिली नाही. तरीही १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ने जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईतच केला.

पालकांनी काळजी कशाची करावी?

मुलाच्या कपाटातल्या टी-शर्टची नको, हेडफोनच्या आवाजाची करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे, मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. डेसिबलचे गणित सरळ रेषेत चालत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. ८० ला ४० तास, ८३ ला २० तास, ९२ ला जेमतेम अडीच. मैफलींसाठी संघटनेने २०२२ मध्ये सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. त्यामुळे पुढच्या रांगेत उभे राहायचे तर इअरप्लग हवेतच. ‘एसी/डीसी’चा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी ऐकू येणे पूर्ण बंद होण्याचा इशारा दिला आणि दौरा अर्ध्यावर सोडून घरी बसावे लागले.