फ्रेंच-इंग्रजी शाळेकडून सेमी-इंग्रजीने काय घ्यावे

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की राजापूर तालुक्यात जमीन, मासेमारी आणि आंब्याच्या बागा यांचीच चर्चा होते, आणि ते रास्तच आहे. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या माडबनच्या सड्यावर बसवायच्या, या योजनेचा पहिला मोठा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये फ्रेंच कंपनीने आपला तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. प्रकल्प होवो अथवा न होवो, या निमित्ताने शिक्षकांनी विचार करावा असा एक प्रश्न पुढे येतो. उद्या कुणी फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांतून शिकवणारी खासगी आंतरराष्ट्रीय शाळा या भागात काढली, तर तिच्याकडे आपण कसे पाहायचे? ऐपत असलेले पालक तिच्याकडे वळतील, बाकीचे हळहळतील, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवर ‘तुम्ही निदान सेमी तरी सुरू करा’ असा दबाव वाढेल. राजापूरला दोन परक्या भाषा नव्या नाहीत. सतराव्या शतकात या बंदरात इंग्रजांची वखार होती आणि फ्रेंचांचीही. पण तेव्हा भाषेचे काम दुभाष्यावर सोपवून भागत होते. शाळेत ते शिक्षकालाच करावे लागते, आणि या अंकात आमचा सारा भर त्या शिक्षकावर आहे.

फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाचा इतिहास जुना आहे आणि त्याचे यश खरे आहे. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ साली निघाली ती या दोन भाषांवरच, आणि तिच्याच परिसरात १९६८ साली आज आयबी म्हणून ओळखला जाणारा अभ्यासक्रम आकाराला आला. मात्र या शिक्षणाचा सर्वांत बारकाईने तपासलेला प्रयोग झाला तो साध्या शाळेत, कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या सेंट लँबर्ट या उपनगरात. १९६५ साली तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांसाठी बालवाडीपासून संपूर्ण फ्रेंच वर्ग सुरू करून घेतला. मुले आधी फ्रेंच वाचायला शिकली, दुसरीपासून इंग्रजीचा तास आला आणि पुढे तो वाढत गेला. वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी वर्षानुवर्षे या मुलांची चाचणी घेतली. इंग्रजी वाचनात सुरुवातीला पडलेले अंतर इंग्रजीचे शिक्षण सुरू होताच भरून निघाले, गणितात मुले मागे पडली नाहीत आणि त्यांचे फ्रेंच नेहमीच्या तासिकांमधून शिकणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे गेले. जगभरच्या खासगी शाळा आपल्या माहितीपत्रकांत द्विभाषिक शिक्षणाची जी ग्वाही देतात, तिचा मोठा आधार हाच प्रयोग आहे.

पण त्या वर्गात नेमके काय चालत होते, ते माहितीपत्रकांत येत नाही. सेंट लँबर्टची शिक्षिका फ्रेंचमध्ये बोलायची, पण तिला इंग्रजी समजत होते. पहिल्या वर्षी मूल इंग्रजीत बोलले तरी ती ऐकून घ्यायची आणि उत्तर फ्रेंचमध्ये द्यायची. मुलाची घरची भाषा वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवलेली नव्हती. शिवाय ती भाषा होती इंग्रजी. घरात, दुकानात, दूरदर्शनवर, बापाच्या कचेरीत, सगळीकडे तिला मान होता. शाळेने फ्रेंच दिले म्हणून इंग्रजी कमी होण्याची भीती कुणालाच नव्हती. सगळी मुले एकाच पातळीवरून सुरुवात करत होती आणि शिक्षिकेला विषय व भाषा दोन्ही येत होते. लँबर्ट यांनी स्वतःच पुढे बजावले की ज्या मुलांच्या घरच्या भाषेला समाजात मान नाही, त्यांच्यावर हाच प्रयोग केला तर नवी भाषा जुनीच्या जागी येऊन बसते आणि मुलाच्या पदरात दोन्ही अर्धवट पडतात. इशारा प्रयोगकर्त्याचाच असल्यामुळे तो आम्हाला अधिक मोलाचा वाटतो.

आता हीच कसोटी आपल्या सेमी-इंग्रजीला लावून पाहू. मराठी माध्यम, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, ही आपली द्विभाषिक शाळा. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, त्यानंतर सेमीचे वर्ग गावोगाव वाढले आणि २०२२-२३ पासून पहिलीच्या हातात एकात्मिक द्विभाषिक पाठ्यपुस्तके आली. योजना म्हणून यात चूक काही नाही. अडचण दिसते ती वर्गात. फळ्यावर ४७ लिहिले आहेत. मूल घरी ‘सत्तेचाळीस’ ऐकत आले आहे, म्हणजे आधी सात आणि मग चाळीस. पुस्तकात ‘फॉर्टी-सेव्हन’ आहे, म्हणजे आधी चाळीस. ऐकून लिहिताना ४७ चे ७४ होतात ते मुलाच्या मंदपणामुळे नव्हे. दोन भाषांची दोन वळणे त्याच्या हातात एकाच वेळी उतरतात. मराठी संख्यावाचनाचे हे अवघडपण ओळखूनच बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर दोन’ सारखी पर्यायी वाचनपद्धत दिली आणि त्यावर केवढे वादळ उठले! फ्रेंच मुलाचीही यातून सुटका नाही. त्याच्या भाषेत सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’ आणि ब्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-बारा’. तिथल्या चांगल्या द्विभाषिक शाळेत शिक्षक हे आधीच हेरून ठेवतो, दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवतो, दशकांचे गठ्ठे आणि सुटे मुलाच्या हातात देतो, आणि संख्या हाताला कळल्यावर तिचे नाव दोन्ही भाषांत म्हणून घेतो. आपल्या सेमीच्या वर्गात हे कोण करतो? डी.एड. मराठीतून केलेला, इंग्रजीतून गणित कसे शिकवावे याचे सलग प्रशिक्षण न मिळालेला शिक्षक, तोही बहुतेकदा द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळत. तो इंग्रजी वाक्य वाचतो, मराठीत अर्थ सांगतो आणि पुन्हा इंग्रजी उत्तर पाठ करून घेतो. तास भरतो, पण गणित दोन्ही भाषांच्या मधल्या फटीत पडते.

आपल्यासारखाच निर्णय मलेशियाने २००३ साली घेतला होता. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे, बाकीचे विषय मलय भाषेत. सरकारने शिक्षकांसाठी पुस्तके, संगणक आणि प्रशिक्षण यांवर मोठा खर्च केला. तरी २००९ साली त्याच सरकारला निर्णय मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले, कारण शहरी आणि ग्रामीण मुलांच्या गुणांतली दरी वाढत होती आणि पुष्कळ शिक्षकांना इंग्रजीतून शिकवणे झेपत नव्हते. पुढे तिथे ज्या शाळांची तयारी आहे त्यांनाच इंग्रजीतून शिकवण्याची मुभा देण्यात आली. याच्या उलट टोकाचा प्रयोग नायजेरियातल्या इफे इथे १९७० पासून झाला. बाब्स फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा भाषेतून शिकवली आणि इंग्रजी वेगळा विषय म्हणून त्यासाठी खास तयार केलेल्या शिक्षकाकडून शिकवली. ही मुले इतर विषयांत पुढे गेली, इंग्रजीतही मागे राहिली नाहीत. इंग्रजी चांगली येण्यासाठी गणित इंग्रजीतून शिकलेच पाहिजे, हा आपल्याकडचा पक्का समज या अनुभवापुढे टिकत नाही.

याला पालकांचे उत्तर ठरलेले असते: लवकर सुरू केले नाही तर जमणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ज्या मुलाला दिवसाचे पाच-सहा तास ती भाषा सहज कानावर पडते त्याच्यापुरते. तासिकांतून शिकणाऱ्या मुलांचे वेगळे असते. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने, इंग्रजी लवकर आणि उशिरा सुरू केलेल्या मुलांची समान तासांनंतर तुलना केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत उशिरा सुरू केलेली मुलेच पुढे होती. मोठ्या मुलाजवळ पहिल्या भाषेचे वाचन-लेखन पक्के असते आणि त्याच्या बळावर ते दुसरी भाषा भराभर उचलते. दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. आंतरराष्ट्रीय शाळांतली मराठी मुले मातृभाषेशिवायच शिकतात आणि चांगली निभावून नेतात, मग आमचीच का नेणार नाहीत? ती मुले निभावतात ती घरच्या पुस्तकांच्या कपाटावर, शिकलेल्या आईबापांवर आणि छोट्या वर्गांवर. राजापूरच्या वाडीवरच्या मुलाला यांतले जे काही मिळायचे ते शाळेतच मिळायचे असते. आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमही मातृभाषा सोडा असे सांगत नाहीत. आयबीच्या पदविकेत शाळेकडे त्या भाषेचा शिक्षक नसला, तरी शाळेच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याला आपल्या भाषेचे साहित्य स्वतः वाचून ती पहिली भाषा म्हणून घेता येते. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केलीच आहे. जो अभ्यासक्रम श्रीमंत मुलाची भाषा जपायची सोय ठेवतो, त्याचे नाव घेऊन गरीब मुलाची भाषा वर्गातून काढणे आम्हाला मान्य नाही.

‘मुलाची भाषा’ म्हणताना राजापुरात आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार शिक्षकांनीच करायला हवा. पुस्तकातली मराठी ही इथल्या किती मुलांच्या घरची भाषा आहे? कुणबी वाड्यांवरची बोली वेगळी, बंदरपट्ट्यातली वेगळी. साखरीनाटे-जैतापूर भागातल्या कोकणी मुस्लिम घरातले मूल घरी कोकणी बोली बोलते, उर्दू माध्यमाच्या शाळेत गेले तर उर्दू वाचायला शिकते, बाजारात मराठी ऐकते आणि पहिलीपासून इंग्रजीची अक्षरे गिरवते. चार भाषा पेलणारे हे मूल कुठल्याही आंतरराष्ट्रीय शाळेत कौतुकाचा विषय ठरले असते. आपल्याकडे त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘भाषा कच्ची’ असा शेरा पडतो. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आणली, राज्यभर रान पेटले आणि २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला. तिसरी भाषा कोणती यावर अडीच महिने वाद झाला, पण द्विशिक्षकी शाळेत ती शिकवणार कोण, आणि मुलाने घरून आणलेल्या बोलीचे काय करायचे, हे प्रश्न जवळजवळ कुणी विचारले नाहीत. बोलीतून आलेले उत्तर बरोबर असेल तर ते बरोबर म्हणून स्वीकारणे आणि मग त्याचे पुस्तकी रूप देणे, एवढे तरी उद्यापासून प्रत्येक वर्गात होऊ शकते. त्याला परिपत्रक लागत नाही.

राहिला प्रश्न पटाचा. सेमी नसेल तर मुले खासगी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतील, पट घसरेल आणि शाळाच बंद पडेल, ही मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. कोकणातल्या वाड्यांवर आधीच मुले कमी, त्यात आंतरजिल्हा बदल्यांनी शिक्षक कमी. पण नुसता फलक लावून केलेली सेमी पालकांना दोन-तीन वर्षेच थांबवते. पाचवीत मूल भागाकारात अडखळले की तोच पालक शाळेला बोल लावत निघून जातो. त्यापेक्षा मराठीतून पक्के गणित आणि इंग्रजी हा विषय म्हणून उत्तम शिकवणारा एक तयार शिक्षक, हे सांगून पट टिकवणे कठीण असले तरी खरे आहे. केंद्रातल्या चार-पाच शाळांनी मिळून असा एक इंग्रजीचा शिक्षक तयार केला, तर इफेच्या प्रयोगातले निम्मे काम इथेच साधेल.

येत्या जूनसाठी ज्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांपुढे सेमीचा ठराव येणार आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून कोण शिकवणार आणि त्याची तयारी काय झाली आहे, त्याची बदली झाली तर मागे कोण, आणि संकल्पना मुलाच्या भाषेतून समजावण्यासाठी आठवड्यात किती तास राखून ठेवले आहेत, हे ठरावातच लिहून घ्या. या तिन्ही गोष्टी लिहिता येत नसतील, तर ठराव एक वर्ष पुढे ढकला आणि ते वर्ष शिक्षकाच्या तयारीला द्या.