आउटपुट काय?

"इंजिनिअर होणार आणि मिरवणुकीत नाचणार?" गणपतीत हॉस्टेलवर हा टोमणा हमखास मिळतो. मला मात्र दर वेळी मनिला आठवतं.

बाबांची तिकडे बदली झाली होती. ९ जानेवारी २०२०, मी १४ वर्षांचा. काळ्या नाझरीनची, म्हणजे खांद्यावर क्रूस घेतलेल्या सावळ्या येशूची मिरवणूक. १७८७ मध्ये ही मूर्ती क्वियापो चर्चमध्ये नेली, त्याची आठवण. अंतर सहा-साडेसहा किलोमीटर, लागले सोळा तास! लाखो माणसं आणि बहुतेक सगळी अनवाणी. शेजारच्या कुयाबरोबर (तिकडे दादाला कुया म्हणतात) मीही चप्पल काढली.

कॉन्व्हेंटमधला माझा येशू शांत चॅपेलमधला, रांगेत भेटणारा. इथे घाम, रेटारेटी, "विवा!"चा गजर... थेट आपली वारीच की! लोक रथाकडे टॉवेल फेकत होते, वरची माणसं तो मूर्तीला पुसून परत टाकत होती. माझाही गेला आणि अनोळखी हातांतून परत आला. साताऱ्याला आजी आजारी होती, तिच्यासाठी.

आजी त्याच वर्षी गेली. मग उपयोग काय? मित्र हेच विचारतात.

गर्दीतल्या धोक्यांबद्दल बोलायलाच हवं. २०२४ मध्ये मूर्ती काचेत ठेवली, रथावर चढायला बंदी केली, ते बरंच झालं. पण श्रद्धेला मशीनसारखं आउटपुट विचारू नये, असं मला वाटतं. घरात विठोबाची तसबीर असलेल्या माझ्या आजीने तो टॉवेल शेवटपर्यंत उशाशी ठेवला होता.