थांबायचं कुठे, धावायचं कुठे

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘पित्ताशयात खडे’ असं आलं की घरात दोन गट पडतात. एक गट घाबरून त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख मागतो, दुसरा कुळीथ भिजत घालतो. दोघांनाही विनंती आहे, जरा दम धरा.

खडे दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत सापडले असतील आणि त्यांनी आजवर कसलाच त्रास दिला नसेल, तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. असे मुके खडे घेऊन माणसं जन्म काढतात. खडा खूप मोठा असेल किंवा सिकलसेलसारखा रक्ताचा आजार असेल, तर सर्जन वेगळा सल्ला देऊ शकतात; तो ऐका.

कुळथाचं मूळ गणित मुतखड्याचं आहे. मुतखडा लघवीच्या वाटेवर असतो, भरपूर पाणी पोटात गेलं की बारीक खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताची पिशवी यकृताखाली, त्या वाटेपासून पार बाजूला. आपण प्यायलेलं काहीही तिच्यातून वाहत नाही, मग ते कढण असो, लिंबूपाणी असो की मित्रांनी सुचवलेली बीअर. खडे विरघळवणारी गोळी आहे, पण ती काही ठरावीक खड्यांवरच चालते, महिनोन् महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात.

खडे बोलू लागले की मात्र चित्र बदलतं. लग्नाचं तेलकट-तुपकट जेवण झालेलं असतं. रात्री उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध कळ येते, पाठीत नाहीतर उजव्या खांद्याकडे जाते, तास-दोन तास हैराण करते आणि ओसरते. सकाळी माणूस म्हणतो, ॲसिडिटी होती. अशी सोडा आणि गोळ्यांवर वर्षं जातात. कळ एकदा आली की पुन्हा येण्याची शक्यता मोठी, म्हणून तेव्हा ऑपरेशन करून घेणं शहाणपणाचं. (वरच्या पोटात दुखून दरदरून घाम सुटला, विशेषतः वय झालेल्या किंवा मधुमेही माणसाला, तर आधी ईसीजी काढा. ‘गॅस’ म्हणून सोडलेलं दुखणं हृदयाचं निघू शकतं.)

‘नुसते खडे काढा, पिशवी ठेवा’ असं पुष्कळजण सांगतात. ज्या पिशवीने खडे केले ती पुन्हा करणारच, म्हणून पिशवीच काढतात. पचनाची भीती नको. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते फक्त साठवते. ती गेल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं. काहींना थोडे दिवस पातळ शौचाला होतं, इतकंच. हे ऑपरेशन दुर्बिणीतून पहिल्यांदा १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहं यांनी केलं, आता आपल्या जिल्ह्याच्या गावांतही होतं. आत सगळं चिकटलेलं दिसलं म्हणून सर्जनने मध्येच पोट उघडायचं ठरवलं, तर त्यांना ‘जमलं नाही’ असं समजू नका. तिथे हट्टाने दुर्बीण रेटणारा डॉक्टर जास्त धोक्याचा.

थांबणं कुठे संपतं, तर काविळीपाशी. खडा निसटून पित्तनळीत अडकला की डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं आणि अंगाला खाज. आपल्याकडे कावीळ म्हटलं की उतरवणाऱ्याकडे नेतात: नाकात थेंब घालतात, हात धुवायला लावून पाणी पिवळं करून दाखवतात. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपण जाते, त्याचं श्रेय त्या थेंबांना मिळतं. अडकलेला खडा मात्र कोणी उतरवू शकत नाही. तो तोंडातून दुर्बीण घालून काढावा लागतो. काविळीबरोबर थंडी वाजून ताप असेल, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

अपेंडिक्सचंही तसंच. दुखणं बेंबीभोवती सुरू होतं, काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. जेवण नको होतं, उलटी होते, बारीक ताप येतो. त्यावर ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळणं आणि ‘पोट साफ होऊ दे’ म्हणून एरंडेल पाजणं, हे दोन्ही कृपा करून बंद करा. सुजलेलं अपेंडिक्स त्याने फुटू शकतं. १९०२ मध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना याच दुखण्यासाठी ऑपरेशन करावं लागलं आणि सोहळा ऑगस्टवर गेला. राजाला सोहळा पुढे ढकलावा लागला, आपण दहावीचा पेपर किंवा साखरपुडा कशाला आड आणायचा? काही रुग्णांना नुसत्या प्रतिजैविकांवरही ठेवता येतं, पण ते रुग्णालयात डॉक्टरांनी ठरवायचं.

जांघेतला हर्निया पुरुष लाजेने लपवतात. आडवं पडलं की आत जाणारा, न दुखणारा गोळा असेल तर सवडीने, पण दाखवा. पट्ट्याने तो बरा होत नाही. एखाद्या दिवशी तो टणक होऊन आत जाईना, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर आतडं अडकलंय. हाताने ढकलत बसू नका. रक्तपुरवठा तुटल्यावर आतड्याकडे काही तासच असतात.

मूळव्याधीला बहुधा ऑपरेशन लागतच नाही. पालेभाज्या, पाणी आणि कोमट पाण्याचा टब यांनी पुष्कळांचं भागतं. पण पंचेचाळिशीनंतर शौचातून रक्त पडलं तर ते मूळव्याधीचंच असं घरी ठरवू नका. भिंतीवर ‘विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्यांना आतड्याचा कर्करोग तपासता येत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कोणतं ऑपरेशन त्यात आणि कुठल्या रुग्णालयात बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जुने रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्या सोबत न्या, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती पहिल्यांदा सांगा. धावायची वेळ आली तर १०८ला फोन करा. आणि निघताना पेशंटला ‘घोटभर चहा घे’ म्हणू नका; भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.