दुधाच्या दातांचे अर्थकारण

‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडायचेच आहेत!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. आईबापांनी ते बोलावे हे समजण्यासारखे आहे. परंतु सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे वर्तनही त्याच समजुतीवर चालावे, ही शोचनीय गोष्ट होय.

वस्तुस्थिती अशी, की दुधाचा दात हा कायमच्या दाताच्या जागेचा राखणदार असतो. दुधाची दुसरी दाढ साधारणतः १० ते १२ व्या वर्षी पडते. ती किडून ५-६ व्या वर्षीच काढावी लागली, तर कायमची पहिली दाढ पुढे सरकून ती जागा बळकावते आणि मागाहून येणाऱ्या उपदाढेला वाट उरत नाही. दात वाकडेतिकडे येतात किंवा हाडातच अडकतात. यावरील उपाय साधा आहे : शेजारच्या दाढेवर पोलादी कडे आणि त्याला जोडलेला तारेचा फासा. तो वेळीच बसला, तर जागा बहुधा राखली जाते. न बसल्यास पुढे वर्ष-दोन वर्षे तारांचे महागडे उपचार! म्हणजे स्वस्त उपाय गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचत नाही आणि महाग उपाय त्याला परवडत नाही.

२००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५ वर्षांच्या सुमारे निम्म्या बालकांचे दात किडलेले आढळले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या तपासणीचा समावेश झाला. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. गडचिरोलीच्या मजुराने रोज बुडवून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या किती खेपा घालाव्यात?

‘देशापुढे याहून मोठे प्रश्न आहेत,’ असे शहाणपण सांगितले जाईल. मग जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि दात भरण्याचे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत का घातले? सरळ दात हे आज ऐपतीचे लक्षण बनले आहे. ही विषमता जन्मजात नाही; ती सहाव्या वर्षी, उपचाराअभावी, मुलाच्या तोंडात घडवली जाते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : तालुक्याच्या रुग्णालयात बालकांची दाढ भरण्याची आणि काढावीच लागली तर जागा राखण्याची मोफत सोय. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या शाळेपासून हा प्रश्न हाती घ्यावा.