पावती कुठंय?

पैसे घेणाऱ्याने पावती द्यावी आणि ती न मागता द्यावी, एवढ्या एका वाक्यावर जगातला सगळा व्यवहार उभा आहे. बी.कॉम.च्या पदवीसाठी मी तीन वर्षं घालवली. त्यात डबल एन्ट्रीपासून ऑडिटिंगपर्यंत बरंच काही घोकलं. पण सगळं पिळून काढलं तर हाती हेच वाक्य उरतं. (परीक्षेत एवढंच लिहून आलो असतो तर प्राध्यापकांचाही वेळ वाचला असता.) पुढे बँकेत चिकटलो आणि गेली वीसेक वर्षं काउंटरमागे बसून लोकांच्या स्लिपवर शिक्के मारतो आहे. शिक्का दोन्हीकडे मारायचा, अर्धी स्लिप फाडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गिऱ्हाईक ती काउंटरफॉईल नीट घडी करून पाकिटात ठेवतं आणि त्या रात्री त्याला झोप लागते. झोप लागण्यासाठी माणसाने एवढा छोटा कागद शोधून काढला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण आमचे वडील.

आम्ही रावेतला राहतो. रावेत म्हणजे एकेकाळचं पवनाकाठचं गाव. आता गावाच्या डोक्यावर इमारती उगवल्या आहेत आणि त्या इमारतींत सकाळी मुकाई चौकातून हिंजवडीकडे धावणारी तरुण मंडळी राहतात. त्यांतला जो भेटेल तो 'जावा'वर काम करतो. सुरुवातीला माझी आई बिचारी समजायची, की ही पोरं सासरच्या भानगडी सोडवतात. तिला चार जावा आहेत. त्यामुळे एवढ्या जणांना या कामाचा पगार का मिळतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वडील ७५ वर्षांचे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तेहतीस वर्षं काढली. मायक्रोमीटर लावल्याशिवाय ज्या माणसाने कधी 'बरोबर आहे' म्हटलं नाही, असा माणूस. निवृत्तीनंतर काँप्युटर स्वतःचा स्वतः शिकले. लाइटबिल, गॅस, विम्याचा हप्ता, सगळं तेच भरायचे. भरलं की वहीत तारीख, रक्कम आणि पावतीचा नंबर. माझ्या बँकेतसुद्धा इतकी नीटस वही मी पाहिलेली नाही.

तर मागल्या ३१ मार्चची गोष्ट. ३१ मार्च म्हणजे आम्हा बँकवाल्यांचं बाळंतपण. मी घरी नव्हतो. वडिलांचा आणि आईचा मिळून आरोग्यविम्याचा हप्ता होता ४६,२१८ रुपये. त्यासाठी ठेवलेली मुदतठेव नेमकी त्याच दिवशी पिकत होती आणि विमा कंपनीने दिलेली सवलतीची मुदतही त्याच रात्री बारा वाजता संपत होती. पॉलिसी तुटली तर आईच्या मधुमेहाची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रोगाची नव्हे, विम्याच्या प्रतीक्षाकाळाची. रोग काही तुटत नाही.

रात्री नऊला वडील बसले. फॉर्म भरला, ओटीपी टाकला. पानावर एक चक्र फिरू लागलं आणि खाली सूचना आली : 'कृपया पान रिफ्रेश करू नका. मागे जाऊ नका.' वडिलांनी हात मांडीवर घेतले. चक्र फिरून फिरून दमलं आणि काय आलं? तेच पान. तोच फॉर्म, तेच बटण आणि वर ठळक अक्षरांत 'देय रक्कम ४६,२१८'. ना 'मिळाले', ना 'मिळाले नाहीत'. मोबाइलवर बँकेचा संदेश नाही. वडिलांनी पाऊण तास वाट पाहिली. मदतीचा नंबर फिरवला; तिथे बराच वेळ संगीत ऐकलं. शेवटी पावणेदहाला त्यांनी पुन्हा हप्ता भरला. दहाला दोन्ही संदेश जोडीने आले, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे.

साडेअकराला मी घरी पोचलो आणि पहिलं वाक्य बोललो ते हे : "बाबा, तुम्ही बटण दोनदा दाबलंत?"

ते म्हणाले, "दोनदा दाबलं नाही, दोनदा भरले. पहिल्यांदा भरल्याचं त्याने मला सांगितलंच नाही." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "चूक माझीच असेल. यापुढे हे तूच करत जा." आणि वही माझ्या टेबलावर ठेवून झोपायला गेले.

पैशाचं दुःख नव्हतं, असं म्हणणार नाही. ईपीएस-९५च्या पेन्शनीवर आणि व्याजावर चालणाऱ्या घरात ४६ हजार म्हणजे मोठीच गोष्ट. पण वही बघून माझं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला गाठलं. तो दहा वर्षं जावातच आहे. त्याला चहा दिला आणि विचारलं, "अरे, पैसे घेतले तरी पान तसंच कसं राहतं?"

"काका, आत काय लिहिलंय ते मला दिसत नाही," तो म्हणाला, "पण लक्षणं ओळखीची आहेत. सेशनमध्ये जुनंच ऑब्जेक्ट राहिलं असणार."

याचा मराठी अर्थ असा : आजोबा पानावर आले तेव्हा त्या यंत्राने थकबाकी एकदा विचारून घेतली आणि कागदावर टिपून खिशात ठेवली. पैसे आले, खतावणीत जमा झाले. पण पान पुन्हा दाखवताना त्याने खतावणी उघडलीच नाही. खिशातला मघाचा कागद वाचून दाखवला. पासबुकात नवी नोंद न बघता सकाळच्या चिठ्ठीवरून मी कुणाला शिल्लक सांगितली असती, तर संध्याकाळपर्यंत मला मेमो मिळाला असता.

"आणि ते 'रिफ्रेश करू नका' काय असतं?" मी विचारलं.

त्यावर त्याने जे सांगितलं ते मी बँकेच्या भाषेत मांडतो. वेबवर मुख्यतः दोन प्रकारची कामं चालतात. एक 'गेट', म्हणजे विचारणं. दुसरं 'पोस्ट', म्हणजे देणं. शिल्लक दहादा विचारली तरी शिल्लक तेवढीच राहते. भरणा दहादा केला की दहादा पैसे जातात. आता फॉर्म घेतल्यावर उत्तर द्यायच्या जावात दोन तऱ्हा. पहिली 'फॉरवर्ड' : कॅशियरने तुमचा भरणा घेतला आणि आतल्या आत शेजाऱ्याला सांगितलं, 'यांना काय ते उत्तर दे.' तुम्ही मात्र त्याच खिडकीशी उभे, हातात तीच भरलेली स्लिप. मागून कुणी धक्का दिला की स्लिप पुन्हा आत! तो धक्का म्हणजे रिफ्रेश. (ब्राउझर बिचारा 'पुन्हा पाठवू का?' असं एकदा विचारतो. पण धक्का खाणाऱ्याला कसलं सुचतंय!) दुसरी तऱ्हा 'रीडायरेक्ट' : कॅशियर स्लिप घेतो, शिक्का मारतो आणि म्हणतो, 'तुमचं काम झालं. आता सात नंबरच्या खिडकीवर जाऊन पासबुक भरून घ्या.' तिथे तुम्ही नुसतं विचारायला जाता. दिवसभर धक्के खाल्लेत तरी दमडी जात नाही. शिवाय सात नंबरवाला खतावणी ताजी उघडतो.

"हे करायला किती लिहावं लागतं?"

"एक ओळ, काका. सेंड-रीडायरेक्ट. मग सर्व्हर ब्राउझरला ३०२ लावतो."

आमच्या पिढीला ३०२ म्हणजे खुनाचं कलम. २०२४च्या जुलैत भारतीय न्याय संहिता आली आणि खून १०३ला गेला, तरी सवय जात नाही. त्यात मघाशी सेशन ऐकलेलं. घटकाभर मला वाटलं, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. त्याने खुलासा केला की ३०२ म्हणजे 'तिकडे जा', आणि खरं तर नेमक्या याच कामासाठी ३०३ हा वेगळा नंबर आहे. तो १९९९च्या एचटीटीपीच्या नियमपुस्तकात लिहिलेला आहे. एकोणीसशे नव्याण्णव! म्हणजे मी तेव्हा बी.कॉम.च्या वर्गात मागल्या बाकावर बसत होतो. तेव्हापासून औषध बाटलीत आहे आणि रोगी अजून 'कृपया हलू नका' ही पाटी वाचतो आहे.

बरं, हेही सोडा. दोनदा भरणा येऊच नये म्हणून काय करतात माहीत आहे? प्रत्येक फॉर्मला एक टोकन देतात. फॉर्म आला की टोकन परत घ्यायचं. त्याच टोकनावर दुसरा फॉर्म आला तर 'साहेब, तुमचं मघाशीच झालं' म्हणायचं. जावातल्या 'स्ट्रट्स' नावाच्या चौकटीत ही सोय २०००च्या दशकाच्या सुरुवातीलाच होती. हे ऐकून मला गहिवरून आलं. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेतली पितळी टोकनं शेवटच्या घटका मोजत होती. आम्ही ती भंगारात काढली आणि या लोकांनी ती उचलून काँप्युटरात घातली! वडिलांचा दुसरा फॉर्म ताज्या टोकनाने गेला असता, हे खरं. पण त्याच पॉलिसीचा त्याच वर्षाचा हप्ता तासाभरात दुसऱ्यांदा येतो आहे, एवढं आमच्या शाखेतल्या शिपायालाही खटकलं असतं.

तेव्हा यात जावाचा दोष नाही, हे आधी स्पष्ट करतो. जावाशी माझं वैर नाही. १९९५ साली ती जगापुढे आली. त्याआधी तिचं पाळण्यातलं नाव 'ओक' होतं. म्हणजे मूळची आपल्या सदाशिव पेठेतलीच. ते नाव दुसऱ्या कंपनीने आधीच घेतलेलं निघालं म्हणून बदललं. अशा घरंदाज भाषेकडून पावती दिली जाणार नाही, हे संभवतच नाही. आणि २००५ला 'एजॅक्स' हे नाव पडलं त्या तंत्रात तर अख्खं पान बदलायचीही गरज नाही. हवा तेवढा तुकडा बदलतो. 'देय' पुसून 'मिळाले' लिहायला एवढाच तुकडा लागतो!

दोष आहे तो सबमिटच्या पुढचं पान कुणाचंच नसण्याचा. बटणापर्यंत सगळे हजर असतात. बटणाचा रंग ठरवायला बैठका होतात. पैसे खात्यात आले की मंडळी पांगतात. मी त्या मुलाला हे म्हटलं तेव्हा त्याने कबूल केलं, "काका, भरल्यानंतर माणसाला काय दिसावं, हे आम्हाला बरेचदा कुणी लिहूनच देत नाही. आणि डेडलाइन असते." अरे, डेडलाइन आम्हालाही असते! चार वाजता रोकड जुळवायची असते, रांग दारापर्यंत गेलेली असते. म्हणून कॅशियर पैसे घेऊन नुसता छताकडे बघत बसतो का? आमच्या सोसायटीचा वॉचमन मोटर चालू केल्यावर मान वर करून ओव्हरफ्लोच्या पाइपकडे बघतो. त्याला कुणी लिहून दिलं होतं?

'रिफ्रेश करू नका' ही सूचना तर मला उद्धटपणाची कमाल वाटते. स्वतःचा दरवाजा नीट लागत नाही, म्हणून पाहुण्याला श्वास रोखून बसायला सांगायचं! आणि त्याने श्वास घेतलाच तर नंतर म्हणायचं, 'युजरने दोनदा केलं.'

इथे मला थोडं खाली बघावं लागतं. कारण हेच वाक्य मी काउंटरवरून म्हटलं आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, मुलाच्या कॉलेजची फी दोनदा गेली म्हणून. मी स्क्रीनवर दोन नोंदी पाहिल्या आणि म्हटलं, "तुम्हीच दोनदा दाबलं असणार, मॅडम." त्या काही बोलल्या नाहीत. पर्सची चेन लावली आणि गेल्या. त्यांना पान काय दिसलं होतं, हे मी विचारलंच नाही.

परताव्यासाठी मी नियम चाळले. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे : फसलेल्या व्यवहाराचे पैसे ठरलेल्या दिवसांत आपोआप परत आले नाहीत, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. मोठ्या उत्साहाने वाचलं आणि मग लक्षात आलं, की आमचा एकही व्यवहार फसलेला नव्हता. दोन्ही यशस्वी! फसलो होतो ते आम्ही, आणि त्याला परिपत्रक नाही.

शेवटी विमा कंपनीचं उत्तर आलं : परताव्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा. मी वडिलांना मुद्दाम बोलावून खुर्चीत बसवलं. "तुम्हीच भरा," म्हटलं, "मी शेजारी बसतो." ते नको नको म्हणत बसले. चष्मा पुसला, खात्याचा नंबर तीनदा ताडून पाहिला, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक वहीतून उतरवले आणि सबमिट केलं. चक्र फिरलं. 'कृपया पान रिफ्रेश करू नका.' आम्ही दोघांनी हात मांडीवर घेतले.

पान आलं. तोच अर्ज. सगळे रकाने कोरे आणि खाली सबमिटचं बटण.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "काय करू? दाबू?"